तारेच्या आतली मुलं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी काही सिनेमांबद्दल बोलणार आहे. मी सिनेमाचा जाणकार नाही. कविता लिहितो, तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयाचं काम पाहतो, आणि चांगले सिनेमे माझ्यापर्यंत पोचतात ते मित्रांच्या कृपेनं. ज्या सिनेमापासून हे सगळं सुरू झालं, तो मला अंबाजोगाईच्या एका प्राध्यापक मित्रानं २००५ च्या सुमाराला सीडीवर दिला. ऑस्ट्रेलियातला सिनेमा. त्यातलं इंग्रजी माझ्या बी.ए.च्या इंग्रजीला झेपणारं नव्हतं. पण हा सिनेमा कळायला इंग्रजी फारसं लागतच नाही.

सिनेमाचं नाव 'रॅबिट-प्रूफ फेन्स'. म्हणजे सशांना अडवणारं कुंपण. फिलिप नॉइस या दिग्दर्शकानं २००२ साली तो काढला. ऑस्ट्रेलियात ससे मूळचे नाहीत. गोऱ्या लोकांनी ते नेले, आणि तिथं ते इतके वाढले की पिकं उरेनात. मग १९०१ ते १९०७ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात उत्तर-दक्षिण तारेचं कुंपण घातलं गेलं. त्यातलं पहिलं कुंपण अठराशे किलोमीटरहून जास्त लांब. बीडहून सरळ उत्तरेला घातलं तर दिल्ली ओलांडून कितीतरी पुढं जाईल.

या कुंपणाच्या कडेला जिगलाँग नावाचं ठाणं होतं. कुंपणाच्या दुरुस्तीवर गोरे कामगार यायचे, आणि तिथल्या मूळ रहिवासी बायकांना त्यांच्यापासून मुलं व्हायची. कामगार निघून जायचे, मुलं आईपाशी राहायची. १९३१ साली अशाच तीन मुली तिथं होत्या. मॉली चौदा वर्षांची, डेझी आठ वर्षांची आणि ग्रेसी त्या दोघींच्या मधली. एक दिवस पोलिस मोटार घेऊन येतो. आया मुलींना घेऊन पळतात, मोटार आडवी येते, पोलिस कागद दाखवतो आणि मुलींना एकेक करून आत कोंबतो. काचेला आतून हात, बाहेरून हात. मोटार गेल्यावर आई धुळीत कोसळते आणि आजी हातात दगड घेऊन स्वतःच्याच डोक्यात मारून घेते. हे पाहताना माझ्या घरातल्या बायकांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडंही मातीला गेलेल्या घरात हेच होतं.

त्या पोलिसाच्या हातातला कागद खोटा नव्हता. १९०५ च्या कायद्यानं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक आदिवासी आणि मिश्र रक्ताच्या सोळा वर्षांखालच्या मुलाचा कायदेशीर पालक एक सरकारी अधिकारी झाला होता. आई जिवंत, समोर उभी, पण पालक तिसराच. १९३१ साली हा अधिकारी होता ए. ओ. नेव्हिल. सिनेमात केनेथ ब्रानानं ही भूमिका केली आहे. तो ओरडत नाही, मारत नाही. टापटीप कपडे, हळू बोलणं. सभ्य बायकांना तो पडद्यावर चित्रं दाखवून समजावतो की मिश्र रक्ताची मुलं वेळेवर वेगळी काढली आणि गोऱ्यांत मिसळवली, तर तिसऱ्या पिढीत काळा रंग दिसणारही नाही. सिनेमातला हा माणूस मनापासून समजतो की आपण या मुलांचं भलं करतोय. मुलं मात्र त्याचं नाव मुद्दाम बिघडवून 'डेव्हिल' म्हणतात.

तिघींना दूर दक्षिणेला मूर रिव्हर इथल्या वसाहतीत ठेवतात. तिथं लांब खोलीत खाटा, रात्री कुलूप, सकाळी प्रार्थना. आणि तिथं आपली भाषा बोलायची नाही. मुली आपसांत काही बोलतात, तर पर्यवेक्षक बाई दटावते. या जागी मी जरा थांबलो होतो. माझ्या घरात दखनी बोलतात, गावात मराठी. शाळेत पहिल्या दिवशी मी 'पाणी' न म्हणता दखनीत काहीतरी पुटपुटलो, तर गुरुजी हसले आणि म्हणाले, "तुझं ते घरी ठेव आणि आमचं इथं शीक, दोन्ही असू दे." पुढं मी मराठीत कविता लिहायला लागलो, पण अम्मीशी शेवटपर्यंत दखनीतच बोललो. 'दोन्ही असू दे' हे त्या गुरुजींना सुचलं. मूर रिव्हरमध्ये ते कुणाला सुचलं नाही.

मॉली दोघींना घेऊन पळते. तिला एवढंच माहीत असतं की आपल्या घराजवळून ते सशांचं कुंपण जातं. कुंपण सापडलं की घर सापडेल. सुमारे १६०० किलोमीटर, नऊ आठवडे, पायी. आपल्या हिशेबानं बीड ते दिल्ली आणि वर चंदीगड. मागावर पोलिस, आणि माग काढणारा एक आदिवासीच, ज्याला स्वतःच्या मुलीसाठी त्या वसाहतीत राहावं लागतंय. ही भूमिका डेव्हिड गुलपिलिल या थोर नटानं केली आहे आणि तो जवळजवळ काहीच बोलत नाही. ग्रेसी वाटेत पकडली जाते. मॉली आणि डेझी घरी पोचतात.

ही खरी गोष्ट आहे. मॉलीची मुलगी डॉरिस पिल्किंग्टन हिनं ती १९९६ साली पुस्तकात लिहिली. सिनेमाच्या अखेरीस खऱ्या मॉली आणि डेझी, दोन म्हाताऱ्या, आपल्या मुलुखात चालताना दिसतात. आणि मग पाटीवर कळतं की पुढं मॉलीला तिच्या दोन मुलींसह पुन्हा त्याच वसाहतीत नेलं होतं. ती पुन्हा पळाली. कडेवर एकच पोर नेता येत होतं. अॅनाबेलला तिनं उचललं, डॉरिस मागं राहिली. अॅनाबेललाही काही वर्षांनी नेलंच, आणि मॉलीची नि तिची पुन्हा भेट झाली नाही. मॉली २००४ साली गेली. मागं राहिलेल्या डॉरिसनं पुस्तक लिहिलं.

सिनेमा संपला तेव्हा मला आमच्या गावाबाहेरच्या पालावरची म्हातारी आठवली.

मी आष्टी तालुक्यातला. आमच्या बाजूला सीना नदी ही एके काळी दोन राज्यांची हद्द होती. अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज. गावाबाहेर फासेपारध्यांची चार-पाच पालं असत. माझे अब्बा शेळ्यांचा व्यवहार करायचे, त्यामुळं या लोकांचं आमच्या ओट्यावर येणं-जाणं होतं. त्यातली एक म्हातारी, वय सत्तरीच्या पुढं असावं, आमच्या अम्मीपाशी बसून बोलायची. ही गोष्ट १९८५ च्या आसपासची, मी तेव्हा कॉलेजात जायच्या बेतात होतो. लहान पोरांनी खोड्या केल्या की ती म्हणायची, "तारंत टाकतील बघ." मला वाटायचं, काहीतरी बागुलबुवा असेल. एकदा अम्मीनं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं.

ती नदीपलीकडची, नगरच्या मुलुखातली. तिचा एक भाऊ होता, तिच्याहून थोडा मोठा, सात-आठ वर्षांचा. पोलिस आणि एक साहेब आले, माणसांची मोजणी केली, बोटांचे ठसे घेतले आणि त्या पोराला नेलं. शाळेत घालतो म्हणाले. कुठल्या गावी, हे तिला सांगता येत नव्हतं. ती नुसतं 'तार' म्हणायची. तार म्हणजे तारेचं कुंपण असलेली वसाहत. बाप दोनदा भेटायला गेला. एकदा पासाशिवाय गेला म्हणून त्यालाच धरलं. भाऊ परत आला तेव्हा जवान झाला होता. अंगात सदरा, पायात वहाणा, सुतारकाम येत होतं, मराठी फर्डी बोलायचा. "पर आमची बोली इसरला होता," म्हातारी म्हणाली. आई जे बोलायची, ते तिला, म्हणजे या बहिणीला, मराठीत करून भावाला सांगावं लागे. आठ दिवस राहिला आणि गेला. गिरणीत लागला म्हणे. पुन्हा आला नाही.

हे तिनं रडून सांगितलं नाही. अम्मी मात्र पदराला डोळे पुसत होती. म्हातारी एकच शब्द सारखा वापरायची: 'नेलं'. भावाला नेलं. आपल्या मराठीत माणूस मेला तरी आपण देवानं 'नेलं' म्हणतो.

आता कायद्याकडं येतो. श्रोतेहो, गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालचा, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. तो आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ साली मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात आला. जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरवणारा कायदा. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट, बेरड आणि अशा कितीतरी जमाती त्यात होत्या. आमच्यातले मुसलमान छप्परबंदही होते. गाव सोडायचं तर पास, रात्री पोलिसपाटलाकडं हजेरी. हे 'उचल्या' वाचलेल्यांना माहीत आहे, 'बेरड' वाचलेल्यांना माहीत आहे.

पण त्या कायद्यातलं मुलांचं कलम आपल्या वाचनातून बहुधा सुटलेलं असतं. १८९७ च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांसाठी आईबापांपासून वेगळ्या सुधारगृह-वसाहती काढायचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या त्या १९०५ च्या कायद्याच्या आठ वर्षं आधी. पुढं १९११ च्या कायद्यात सतरावं कलम आलं आणि १९२४ च्या कायद्यातही ते तसंच राहिलं. अर्थ असा की सरकारनं गुन्हेगार जमातींच्या मुलांसाठी उद्योगाच्या, शेतीच्या किंवा सुधारणेच्या शाळा काढाव्यात आणि मुलांना आईबापांपासून काढून त्यांत ठेवावं. मुलं कोणती, तर सहाच्या वरची आणि अठराच्या खालची. आणि मुलाचं वय किती, हे जिल्हा मॅजिस्ट्रेट ठरवील ते अखेरचं. आईनं सांगितलेलं वय धरायचं नाही. जन्म तिनं दिला, पण मूल किती वर्षांचं हे साहेबाला कळणार.

मी हे कलम वाचलं तेव्हा 'रॅबिट-प्रूफ फेन्स' पाहून काही वर्षं झाली होती. ऑस्ट्रेलिया एकदम सीनेच्या पलीकडं येऊन बसली.

आपल्या भागात या वसाहतींतली ठळक वसाहत सोलापूरची. सुरुवातीच्या काही वर्षांत ती अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती, नंतर सरकारनं घेतली. काटेरी तारेच्या आत झोपड्या, हजेरी, मुलांना शाळा सक्तीची, मोठ्यांना कापडगिरणीत काम. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांची वागणूक साहेबाला पटली त्यांना तारेबाहेर घर बांधून राहता यायचं. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी विशीत होतो. संमेलनाला गेलो आणि एका सोलापूरकर मित्राबरोबर शहर पाहत हिंडलो. एका वस्तीचं नाव त्यानं सांगितलं, 'सेटलमेंट फ्री कॉलनी'. पुढं क्रमांक. मला तेव्हा ते सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखं काहीतरी वाटलं. फ्री म्हणजे फुकट, असंही कुणी म्हणालं. ते 'फ्री' म्हणजे तारेच्या बाहेरची, मोकळी. आजही पत्ता तसाच लिहितात.

मुंबई इलाख्यात या सगळ्या वसाहतींचा कारभार बरीच वर्षं ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याकडं होता. याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणारी समिती नेमली गेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते, आणि १९३० साली तिचा अहवाल आला. म्हणजे हा माणूस राक्षस नव्हता. वंचितांसाठी शाळा हव्यात, नोकऱ्या हव्यात, असं म्हणणाऱ्यांतला होता. त्या काळच्या कितीतरी सज्जनांना वाटत असे की मोठी माणसं आता सुधारायची नाहीत, मुलं काढून घेतली तर सुधारतील. नेव्हिल आणि हे लोक एकाच मुशीतले. मला या विचाराची दुष्टपणापेक्षा जास्त भीती वाटते. दुष्ट माणूस दमतो, कधी लाजतोही. भलं करायला निघालेल्याला रात्री झोप चांगली लागते.

मुंबई राज्यात १९४९ साली हा कायदा रद्द झाला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. तारा निघाल्या. पोलिसांच्या वहीतून नावं मात्र सहजी निघाली नाहीत, हे पारध्यांच्या कुठल्याही पालावर विचारा.

आता माझा मुद्दा. ऑस्ट्रेलियात हे सगळं झालं आणि तिथल्या सिनेमानं ते दाखवलं. एकदा नाही, पुनःपुन्हा. 'रॅबिट-प्रूफ फेन्स'च्या कितीतरी आधी, १९८३ साली, अॅलेक मॉर्गननं 'लाउझी लिटल सिक्सपेन्स' नावाचा माहितीपट केला. न्यू साउथ वेल्समध्ये मुलांना आईबापांपासून काढून गोऱ्यांच्या घरी राबायला पाठवत. मजुरीपैकी हातखर्चाला सहा पेन्स मिळतील असं सांगत आणि तेही बहुतेकांना मिळत नसत. म्हणून हे नाव. त्यात नट नाहीत. ज्यांना लहानपणी नेलं होतं, ती म्हातारी माणसं कॅमेऱ्यासमोर बसून सांगतात. माझ्या मुलीनं मला तो माहितीपट पुढं शोधून दिला. मग तिनं ट्रेसी मोफाट या आदिवासी कलावतीचा 'नाइट क्राइज' दाखवला, १९९० सालचा, जेमतेम वीस मिनिटांचा. एक आदिवासी बाई आपल्या मरायला टेकलेल्या गोऱ्या पालक आईची सेवा करते आहे. बोलणं जवळजवळ नाही. राग आहे आणि माया आहे, आणि दोन्ही सोडवता येत नाहीत. असा सिनेमा तक्रारीतून होत नाही, आत बरंच मुरल्यावर होतो.

यानंतर १९९७ साली तिथल्या मानवी हक्क आयोगाचा 'ब्रिंगिंग देम होम' हा अहवाल आला. १९१० ते १९७० या काळात दहातल्या एका तरी, आणि कदाचित तिघांतल्या एका आदिवासी मुलाला घरापासून तोडलं गेलं, असा त्याचा निष्कर्ष होता. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. सिनेमानं माफी मागवली असं मी म्हणत नाही. पण २००२ नंतर कुणी तिथं 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकत नव्हतं.

आणि आपण? अण्णाभाऊंच्या 'फकिरा'त हजेरीचा जाच आहे, त्यावर १९६३ साली चित्रपटही आला. 'उपरा', 'उचल्या' यांनी मराठी वाचकाला हलवलं. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त, २०१३ साली, एक कैकाडी कुटुंब मराठी पडद्यावर पहिल्यांदा सरळ आपल्याकडं बघायला लागलं. गुजरातेत अहमदाबादला छारानगर आहे. तेही तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं आणि छारा हे आपल्याकडच्या कंजारभाटांचे भाऊबंद. तिथल्या तरुणांच्या नाटकमंडळीवर 'अॅक्टिंग लाइक अ थीफ' आणि पुढं २०११ साली 'प्लीज डोंट बीट मी, सर!' असे माहितीपट झाले. एवढं सगळं आहे. पण सतराव्या कलमाखाली नेलेलं मूल, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेली तार, मागं राहिलेली आई, यांवरचा मराठी सिनेमा माझ्या पाहण्यात आला नाही. कादंबरीही नाही. मी कवी आहे, तेव्हा हेही सांगतो की कविताही नाही, माझीसुद्धा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. कारण आपल्या बीड जिल्ह्यात मुलं आईबापांपासून दूर राहणं ही काही इतिहासातली गोष्ट नाही. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रकमध्ये भांडी, बाजल्या, शेळ्या आणि माणसं. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. पाडव्याच्या आसपास परत. मुलांचं काय, तर तीनच वाटा. बरोबर न्यायचं आणि शाळा बुडवायची, आजीपाशी ठेवायचं, किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायचं. शाळेतर्फे चालणारी ही वसतिगृहं बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि २०२१ साली सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं स्वतंत्र वसतिगृह योजनाही जाहीर केली.

याची आणि सोलापूरच्या तारेची तुलना मी करणार नाही. इथं पोलिस येत नाही, ठसे घेत नाही. आई स्वतः आणून सोडते. बायका काय म्हणतात? "पोरगं ठेवलंय." नेलं नाही, ठेवलंय. हा फरक फार मोठा आहे. वसतिगृहं नसती तर ही पोरं उसाच्या फडात पाचट वेचत असती, हेही मी पाहिलं आहे. पण उचल फेडायची नसती तर किती आयांनी ठेवलं असतं, हा प्रश्न उरतो, आणि त्याला पोलिस लागत नाही.

आमच्या वाचनालयात दर हिवाळ्यात अशी मुलं येतात. गोष्टीची पुस्तकं चाळतात, भांडतात, पुस्तकांची पानं दुमडतात. एकदा एका चौथीतल्या पोरानं नकाशांचं पुस्तक मागितलं. मला वाटलं, परीक्षेसाठी असेल. त्यानं महाराष्ट्राचं पान उघडलं, बीड शोधलं, मग कारखान्याचा तालुका मला विचारून घेतला आणि बोट ठेवून रस्ता पाहत बसला. बार्शी, सोलापूर, पंढरपूर, असं एकेक गाव वाचत. मी विचारलं, कशाला बघतोस? "लागला तर," म्हणाला. बाकी काही नाही. थोड्या वेळानं घंटा झाली आणि पुस्तक ठेवून पळाला.

मॉलीपाशी कुंपण होतं, याच्यापाशी नकाशाचं पान होतं. मुलाला घराचा रस्ता माहीत असला पाहिजे. जिथं मुलं ठेवतात तिथं मी आता हेच बघतो. आईला कुणाला न विचारता भेटायला येता येतं का? आठवड्याला तिचा फोन येतो का, आणि मुलाला तिच्याशी कुणी शेजारी उभं न राहता बोलता येतं का? पारध्यांची, वडारांची, लमाणांची पोरं आपसांत आपल्या बोलीत बोलली तर कुणी डोळे वटारतं का? धान्याचा आणि हजेरीचा हिशेब तपासणारे अधिकारी येतात, त्यांनी तो तपासावाच. हे प्रश्न मात्र त्यांच्या वहीत नसतात.

अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकानं नोकरी सोडून आपल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. तिचं नाव 'प्रश्नचिन्ह'. तिथंही मुलं आईबापांपासून दूरच राहतात. पण शाळा काढणारा त्यांच्यातला, बोली त्यांची. २०१९ साली समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेचा काही भाग पाडला गेला. तिकडं त्या तीन मुलींना कुंपणानं घरी पोचवलं, आणि इकडं एवढा सरळ रस्ता आला तो शाळेवरूनच गेला.

आता शेवटचं. ऑस्ट्रेलियातल्या त्या १९८३ च्या माहितीपटाचं मोल यात आहे की तो वेळेवर झाला. माणसं होती, बोलत होती, कॅमेरा त्यांच्यापर्यंत पोचला. आमच्या पालावरची म्हातारी मी एकविसाचा होण्याआधीच गेली. तिचा भाऊ कुठल्या तारेत होता, हे मला आता कळायचं नाही. पण सोलापूर आहे, बार्शी आहे, फ्री कॉलन्या आहेत. पुण्यात सरकारी चित्रपट संस्था आहे, आपल्या विद्यापीठात पत्रकारितेचे विभाग आहेत, आणि कॅमेरा तर आज प्रत्येक पोराच्या खिशात आहे. १९४९ साली तारा निघाल्या तेव्हा सहा वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशी ओलांडून गेलंय. श्रोत्यांपैकी कुणाच्या घरात, शेजारात असं कुणी असेल, तर या रविवारी त्यांच्यापाशी जाऊन बसा. आधी त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या, मराठी मागून करता येईल.